जुनी, एक नग

निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते.
जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून, ऑटोत आडवी,
माझ्या आणि शालूच्या मांडीवर.
ऑटोवाला आरशातून पाहतो. विचारत नाही.

हवालदार कुसराम रजिस्टर उघडतो.
"मेक सांगा, काका."
माउझर. जर्मन. डान्झिग, एकोणीसशे अकरा.
"गाव कोणतं म्हणाले?"
त्या नावाचं गाव आता नाही, म्हणतो मी.
गाव आहे, नाव बदललं, देशही बदलला.
त्याचं पेन थांबतं, मग लिहितं :
बंदूक, जुनी, एक नग.
"चालते का?"
तिची गोळीच मिळत नाही, म्हणतो.
हे उत्तर नव्हे, त्याला कळतं.
पावतीवर तो शिक्का मारतो, दोनदा,
पहिला पुसट उठतो म्हणून.

कामठीच्या केकीशेठचे ट्रक बुडाले,
देणेकऱ्यांनी पंखेसुद्धा उतरवून नेले,
हिला मात्र कोणी हात लावला नाही.
"पराते, तुला मापं कळतात, तू सांभाळ,"
एवढंच बोलले. लायसनच्या कागदांना पुढं तीन वर्षं लागली.

तेव्हापासून माझ्या रात्री हिच्यावर गेल्या.
बारीक कागद ठेवायचा, पेन्सिल आडवी घासायची,
हळूहळू वर येतो एक मुकुट,
मुकुटाखाली वळणदार अक्षर, तांदळाच्या कणीएवढं.
नंबर आठ हजार बत्तीस.
एकेका स्क्रूवर शेवटचे दोन आकडे,
बत्तीस, बत्तीस, बत्तीस,
इतक्या छोट्या डोक्यावरही कोणीतरी न कंटाळता ठोकलेले.
बोल्टवर मात्र सत्तेचाळीस.
बोल्ट दुसऱ्या बंदुकीचा.

नंबर जुळत नाहीत म्हणून किंमत अर्धी,
हैदराबादचा एक जाणकार फोनवर म्हणाला.
मी हो म्हटलं.
पण कोणत्या चिखलात, कोणत्या घाईत
एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या हाती आला,
आणि तो पहिला, सत्तेचाळीसवाला,
त्याला पुढं बोल्टची गरजच उरली नव्हती का,
हे किमतीत कुठं धरतात?

जर्मनीला पत्र लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं,
सभ्य, टाईप केलेलं, दोन ओळींचं :
त्या पलटणीच्या वह्या पंचेचाळीस साली जळाल्या.
कळवण्यास खेद वाटतो.

मीही शिक्केवालाच.
अंबाझरीच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं
तोफगोळ्याच्या कवचांना गेज लावला.
बसला तर पास. त्रिकोण, त्रिकोणात सत्तावीस.
सत्तावीस म्हणजे मी.
एकाहत्तरच्या हिवाळ्यात तीन पाळ्यांत ठोकला तो त्रिकोण,
मनगट सुजलं, शालूनं हळद लावली.

डान्झिगच्या त्या मुकुटवाल्याचं मनगट
कोणी शेकलं असेल, माहीत नाही.
त्याचं काम माझ्यापर्यंत पोचलं.
त्याची चूक शोधत मी भिंग धरून बसतो
आणि सापडत नाही तेव्हा सुखावतो,
एका इन्स्पेक्टरला दुसरा भेटावा तसा.
माझा त्रिकोण कोण पाहणार?
मी पास केलेला माल फुटण्यासाठीच होता.
नीट फुटला असेल तर
कुठंच काही वाचायला उरलेलं नाही.
नीट फुटला असेल.

मतमोजणी झाली. पावती दाखवून घरी आणली.
कुसरामनं कोपऱ्यात उभी ठेवली होती,
दस्त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ.
शालू स्वयंपाकघरातून जवसाचं तेल देते,
चटणीसाठी घाण्यावरून आणलेलं, त्यातलंच वाटीभर.
हेच तेल तिकडंही लावायचे, मी तिला सांगतो,
बहुधा दहाव्यांदा.
"मग त्यांच्याकडं चटणी करत नव्हते का?" ती विचारते.

अक्रोडाचं लाकूड तेल पितं. वर्तुळ जात नाही.
वहीत नवी ओळ लिहितो :
दस्ता, डावी बाजू, गोल डाग,
व्यास सहा सेंटिमीटर,
नागपूर.